खिडकीतला चष्मा

रोज एक फोटो काढायचा, एवढाच खेळ होता. सुंदर असायला हवा असं नाही. त्या दिवशी जिथं मन थांबलं, त्याचा. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर काचेच्या बशांतले जंतूंचे ठिपके मोजले की डोळ्यांना दुसरं काहीतरी दाखवावंसं वाटतं. मग कधी कुंपणाच्या तारेवर अडकलेला कुणाचा तरी मोजा, कधी दोन पायऱ्यांच्या फटीत उगवलेलं गवत.

आई पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि शस्त्रक्रियेनंतर खाटेला खिळली. तेव्हा या खेळाला एक नियम जोडला गेला. संध्याकाळी मी घरी आले की तिनं आजचा फोटो न बघता ओळखायचा. चुकली तर वॉकर धरून दारापर्यंत जाऊन यायचं. बरोबर आलं तर त्या दिवशी सुटका. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि सरळ सांगून ऐकणाऱ्यांतली आई नव्हती.

"आज काय, मांजर?"

"नाही."

"मग पूल. तुझा तो लाडका पूल."

"नाही. ऊठ."

"जन्मभर लोकांच्या शर्टांना काजं केली, बटणं लावली, आणि पोटची पोर निघाली हवालदार," असं पुटपुटत ती उठायची. पण उठायची.

पहिल्यांदा तिनं बरोबर ओळखलं तेव्हा मला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशीही बरोबर आलं. मग रोजच येऊ लागलं. आधी ती माझ्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायची, तेही बंद झालं. हातातल्या चहाकडे बघत ती सांगून टाकायची, "छत्री. मोडकी. एकच काडी वर आलेली." मी फोन पुढे करायची. छत्री, मोडकी, एकच काडी वर आलेली.

तिचं चालणं थांबलं. पोटऱ्या वाळत चालल्या.

दादाला फोनवर सांगितलं तर तो हसला. "अगं, ती तुझा फोन बघत असणार."

"फोन दिवसभर माझ्याजवळ असतो."

"मग तू ठरावीकच फोटो काढत असशील. तुझं डोकं म्हणजे इस्त्री केलेलं कापड. आईला प्रत्येक घडी माहीत आहे."

म्हणण्यात तथ्य होतं. निवड माझी असेल तर आईला ती ओळखता येईल. म्हणून निवड माझ्या हातातून काढून घ्यायला हवी होती. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसतात त्यांना आम्ही भिंगमावशी म्हणतो, कारण त्यांच्या गळ्यात कायम भिंग लटकत असतं. त्यांना म्हटलं, आजचा फोटो कशाचा काढायचा ते तुम्ही ठरवा.

"पाणी तपासायचं सोडून आता आईला तपासतेस होय? काढ मग, माझ्या डब्याचं झाकण काढ. चांगलं पोचे आलेलं आहे, तिला म्हणावं ओळख!"

संध्याकाळी आईनं कपातली साय बोटानं बाजूला सारली. "डब्याचं झाकण. चेपलेलं. आपलं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी." मग तिनं मान वर केली. "आज तू गंमत केलीस माझी."

त्यानंतर ती सकाळीच सांगू लागली. मी चपला घालत असताना म्हणाली, "आज लाल बादली." मी हट्टानं दिवसभर बादली या वस्तूकडे पाहिलंच नाही. जिन्याच्या कठड्याचा फोटो काढला आणि घरी येऊन, जरा तोऱ्यातच, तिच्यासमोर धरला.

"चुकलीस. चल, ऊठ."

तिनं चष्मा सारखा केला. त्याची डावी काडी मोडलेली आहे; आईनं तिला निळा दोरा गुंडाळलाय, काजाच्या टाक्यासारखा घट्ट. फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली, "ही काय."

खालच्या जिन्याच्या वळणावर, अर्धी भिंतीआड गेलेली, लाल बादली होती.

मी फोन खाली ठेवला. "आई, तुला हे कसं कळतं?"

"कळत नाही गं. फोटो दिसतात. एकामागे एक ठेवल्यासारखे. शेवटचा सांगू? कधीचा आहे ते नाही सांगता येणार. ही माझी खाट. चादर काढलेली. गादीवर ऊन. आणि खिडकीत माझा चष्मा."

"आणि तू?"

"मी नाही त्यात," ती म्हणाली. "बिस्कीट दे."

दुसऱ्या दिवसापासून मी फोटो काढायचं बंद केलं. फोटोच नाही, तर शेवटचा कुठून येणार? पण आईनं खाणं कमी केलं. संध्याकाळी मी आत आले की ती माझ्या हाताकडे बघायची, मग भिंतीकडे वळायची. चालायला तर मुळीच तयार नसायची. "हरले कुठे मी? खेळलोच नाही," एवढंच म्हणायची. दादा चिडला. "तिला बघायला तेवढी एक गोष्ट होती, तीही तू काढून घेतलीस."

तेव्हा मला सुचलं. प्रयोगशाळेत आम्ही एका बशीत मुद्दाम जंतू वाढवतो. निकाल कसा दिसतो ते माहीत असावं म्हणून. त्यानं कुणाला अपाय होत नाही, कारण तो आपण घडवलेला असतो. हा फोटोही आपणच घडवायचा. आई जिवंत असताना, शेजारी बसलेली असताना तो काढून घ्यायचा. म्हणजे तो येऊन गेलेला असेल.

रविवारी सकाळी मी तिला आधार देऊन दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. चादर काढली, उशा हलवल्या. खिडकीची कड ओल्या फडक्यानं पुसली आणि तिथं काहीही ठेवलं नाही. एक गोष्ट मी मुद्दाम चुकीची ठेवली होती: चष्मा आईच्या नाकावर होता. गादीवर ऊन आलं. आईकडे पाठ करून मी फोटो काढला आणि फोन तसाच तिच्या हातात दिला.

"बघ. रिकामी खाट. आणि तू इथं बसून माझ्यावर डाफरतेयस."

"अजून डाफरले कुठे?" तिनं फोन जवळ धरला. बराच वेळ बघत राहिली. "हं. हाच."

"हाच कसा असेल? चष्मा कुठाय त्यात?"

"खिडकीत."

मी फोन घेतला, फोटो मोठा केला. खिडकीच्या कडेवर, घडी घालून, चष्मा ठेवलेला होता. डाव्या काडीला निळा दोरा.

खिडकीकडे पाहिलं. कड मोकळी होती, फडक्याचा ओलावा अजून वाळला नव्हता. आईकडे पाहिलं. चष्मा तिच्या नाकावर होता, निळा दोरा कानामागे गेलेला.

तिनं तो दोन्ही हातांनी उतरवला, काड्या मिटल्या आणि तयार शर्ट गिऱ्हाइकापुढे धरावा तसा माझ्यापुढे धरला.

"ने. ठेव तिथं."

"आई, नको."

"बरोबर ओळखलं ना मी? मग सुटका. नियम तुझाच आहे."

चष्मा मी घेतला, कारण ती हात मागे घेईना. काड्या तिच्या कानशिलांनी कोमट झाल्या होत्या. तो मी खिडकीत ठेवला नाही. तिच्याच नाकावर परत चढवला, तिला खाटेवर निजवलं आणि खिडकीचं दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी रजेवर आहे. ती जागी असते तेव्हा चष्मा तिच्या डोळ्यांवर असतो. दुपारी तिचा डोळा लागला की मी तो अलगद काढते, पण कुठं ठेवत नाही. माझ्याच डोळ्यांवर लावून तिच्या उशाशी बसते. तिचा नंबर फार मोठा आहे. त्यातून खिडकी, भिंत, माझे स्वतःचे हात, सगळं पाण्यात विरघळल्यासारखं दिसतं. आईचा चेहराही. तिचा श्वास चाललाय का ते मला कान देऊन ऐकावं लागतं.

त्या चष्म्यातून फोनमधला तो फोटो तेवढा स्वच्छ दिसतो. गादीच्या शिवणीतला टाका न् टाका.