मामंजींची टोपली

सुनेने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि गवताच्या पात्यावर समोरून झाकली. नाकतोडा नेहमी पुढे उडी घेतो, म्हणून मागून हात घालणारा फसतो, आणि समोरून घालणाऱ्याच्या तळव्यात तो आपण होऊन येऊन बसतो. आत धडपड जाणवली तशी तिने त्याला चिमटीत धरलं, मागचा एक पाय उपटून गवतात टाकला आणि उरलेला नाकतोडा टोपलीत सोडला. टोपलीच्या तोंडाला जुन्या सदऱ्याची बाही शिवलेली होती. बाहीतून हात आत जायचा, पण आतलं काही बाहेर यायचं नाही.

मागचे दोन्ही पाय ठेवले तर नाकतोडे टोपलीत एकमेकांना लाथा मारून पंख फाडतात. दोन्ही काढले तर दुपारपर्यंत मरतात. एक काढला की जिवंत राहतात आणि गुपचूप बसतात. हे तिचं तिने शोधून काढलं होतं, पण घरात त्याचं कौतुक करायला कुणाचं तोंड उघडलं नव्हतं.

"पिल्लाला उडी दिसली पाहिजे," बांधावर बसलेले मामंजी म्हणाले. "लंगडं खाऊन पाखरू लंगडंच निपजतं. आमच्या हातचा नाकतोडा अख्खा असायचा."

"आज किती झाले अख्खे?"

मामंजींनी टोपली मांडीआड सरकवली. "दव सुकू दे जरा. मला नाही घाई."

दव सुकलं की नाकतोडा तरतरीत होतो आणि कुणाच्या बापाच्या हाती लागत नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. शिकवायची त्यांची तऱ्हाही न्यारी. लग्न होऊन आली त्या वर्षी, बारकेच पकडलेस म्हणून त्यांनी तिची भरलेली टोपली गवतात पालथी केली होती आणि उन्हातान्हात पुन्हा भरायला लावली होती. बोटांवरची नाकतोड्यांची तपकिरी थुंकी तेव्हापासून कधी पुरती धुतली गेली नाही.

नवऱ्याने घरामागच्या शेडमध्ये गाणारे पक्षी पाळले होते. पिल्लं वाढवायची आणि विकायची, यावर घर चालायचं. अंडी फुटायच्या दिवसांत पिल्लांना जिवंत किडाच लागतो. रोज सकाळी दोन टोपल्या यायच्या आणि एकाच पिंजऱ्यात रिकाम्या व्हायच्या, त्यामुळे कुणाची किती भरली ते कुणी बघत नसे. मामंजींचे हात थरथरायला लागले, त्यांची टोपली अर्धी आणि मग पाव व्हायला लागली, तरी झाकून गेलं ते यामुळेच.

काल तिच्या भावाचा फोन आला. आईने अन्नपाणी सोडलंय, तुझंच नाव घेतेय, निघून ये. रात्री जेवताना तिने नवऱ्याला विचारलं.

"जा की, मी कुठे अडवलंय?" तो म्हणाला. "बाबा एकटे टोपली भरतात एवढं मला दिसू दे. उद्या दोघांच्या टोपल्या वेगळ्या ओता. भरली असेल तर तू मोकळी." मग ताटातून मान वर न करता त्याने पुढचं सांगितलं. "आणि नसेल तर तेही बरंच झालं. वृद्धाश्रमवाल्यांकडे एक खाट रिकामी आहे. नुसतं बसून खाणारं माणूस मला परवडत नाही."

मामंजींनी त्यानंतर ताटाला हात लावला नव्हता.

आता ते बांधावरून उतरले आणि गवतात ओणवे झाले. तिने पाहिलं. हात निघायचा, वाटेत दोनदा थरथरायचा आणि पोहोचायचा तेव्हा पातं नुसतं हलत असायचं. एकदा तर तोल जाऊन ते गुडघ्यांवर आले आणि उठता येईना, तेव्हा काहीतरी शोधत असल्यासारखे तिथेच चाचपत राहिले. तिला हसू आलं. ते लपवायची तसदी तिने घेतली नाही.

"मामंजी, टोपली द्या इकडे."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

त्यांना उमजलं. टोपली त्यांनी पोटाशी धरली. "नको जाऊस," ते म्हणाले. "आज भागेल तुझ्या हाताने. उद्या काय करू मी? पिल्लं मोठी होऊ देत, मग जा."

"आई थांबेल का तोवर?"

"थांबते गं. म्हातारी माणसं चिवट असतात."

तिने त्यांच्या हातातून टोपली ओढून घेतली. आपल्या टोपलीतून मूठमूठ काढून त्यांच्या टोपलीच्या बाहीत कोंबत राहिली, आणि स्वतःची पुन्हा भरायला दव सुकायच्या आत वाकली. त्यांनी लेकाला खरं सांगितलं तर सगळं मुसळ केरात, हे तिला कळत होतं. पण ती त्यांना ओळखून होती. मला एकही पकडता आला नाही, हे वाक्य या माणसाच्या तोंडून मेला तरी निघणार नव्हतं.

शेडमध्ये पक्ष्यांचा एकच गलका चालला होता. नवऱ्याने दोन रिकामे पिंजरे मांडले, एकात तिची टोपली ओतली आणि दुसऱ्यात वडिलांची. दोन्ही पिंजऱ्यांचे तळ भरून गेले. तो वाकला. वडिलांच्या पिंजऱ्यातला एक नाकतोडा त्याने उचलून उजेडात धरला. मग दुसरा उचलला.

"बाबा, तुमचेही लंगडे?"

एवढी मोठी लबाडी केली आणि एवढीशी गोष्ट ध्यानात आली नाही. तिच्या बोटांनी सवयीने काम केलं होतं आणि तिचाच घात केला होता. तिने मामंजींकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर ती आज घरातून हलली नसती.

मामंजींनी घसा खाकरला. छाती पुढे काढली.

"पद्धत बदलली मी," ते म्हणाले. "अख्खे पाय पिल्लाच्या घशात अडकतात. हिलाही मीच शिकवलंय ते."

नवरा हसला. तो फारसा हसत नसे. "वा! म्हणजे हात अजून शाबूत आहे म्हणायचा." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "आवर तू. दुपारची गाडी मिळेल तुला."

तिने दोन लुगडी पिशवीत घातली, स्वयंपाक उरकला, बोटं खसखसून धुतली. निघायला म्हणून ओसरीवर आली तर मामंजी खुर्चीत बसले होते आणि नवरा उभ्यानेच हात पुसत होता.

"बाबा, उद्या मीही येतो गवतात," तो अगदी सहज आवाजात म्हणाला. "बांधावर बसतो आणि बघतो. लंगडे कुणाच्या हातचे ते या घरात मांजरालाही ठाऊक आहे. हिला जाऊ दिलं ते उगीच नाही. उद्या तुमच्या आड कुणी नको. दुपारी आश्रमाची गाडी येईल."

मामंजींचा चेहरा उतरला. त्यांनी लेकाकडे पाहिलंच नाही, सुनेकडे पाहिलं.

"तू सांग ना याला," ते म्हणाले. "चार दिवसांनी जाते म्हणून सांग. तू असलीस की तो काही नाही करायचा."

ते खरं होतं. ती थांबली असती तर पिल्लांसाठी का होईना, सगळं पुन्हा पूर्वीसारखं चाललं असतं. तिला त्यांची दया आली. इतकी आली की पिशवीचा बंद हातात घट्ट झाला, आणि त्या दयेचा तिला संतापही आला. लांबून तिच्या गाडीचा भोंगा ऐकू आला.

"जेवण झाकून ठेवलंय, मामंजी," ती म्हणाली. "गरम आहे तोवर घ्या."

चपला पायांत सरकवून ती फाटकाबाहेर पडली. वळणापर्यंत तिने मुद्दाम मागे पाहिलं नाही. वळणानंतर ती धावायलाच लागली आणि गाडीत खिडकीची जागा मिळाल्यावर मामंजींची आठवणही राहिली नाही.