पहिल्या माळेचं गिऱ्हाईक

समुद्र बचाव मंडळाच्या वार्षिक सभेला मी एकाच कामासाठी गेले होते, वकील मागायला. हाज बलहसनचा ट्रॉलर तळ खरवडत उथळ पाण्यात शिरला आणि त्याने माझी झरीबा उखडून टाकली. खजुरीच्या झावळ्या रोवून घातलेलं हे कुंपण. भरतीबरोबर बोय मासे आत शिरतात, ओहोटीला अडकतात. नवरा गेल्यापासून माझी चूल त्याच कुंपणावर पेटत होती. आणि मंडळ निघालं होतं तेच मुळी असल्या ट्रॉलरांना कोर्टात खेचायला.

मंडळाचा पैसा यायचा आमच्याच माशांतून. दर गुरुवारी आमच्या हूमत सूक गावच्या बाजारात लिलाव सुरू होण्याआधी सगळ्या होड्यांच्या वतीने दोरीत ओवलेल्या माशांची एक माळ मंडळाच्या नावाने निघते. उंच खुर्चीवर बसून अम्म हमूदा, म्हणजे आमचे हमूदाकाका, ती पुकारतात. त्या माळेला नेहमीच्या चौपट भाव यायचा आणि आमची छाती फुगायची. समुद्रावर लोकांचं केवढं प्रेम, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. घेतो कोण, हे कुणी विचारायचं नाही. हनुवटी उचलली की बोली लागली, आणि गिऱ्हाइकाचं नाव अम्म हमूदांनी तोंडातून काढायचं नाही, हा आमच्या बाजाराचा रिवाज.

मंडळाचे अध्यक्ष सी लम्जद. कडक इस्त्रीचा सदरा, गोड आवाज. आपण बोलायला लागलो की लाटाही थांबतात असा या माणसाचा समज आहे. त्याने जमाखर्च वाचून दाखवला. माळेचे अठरा हजार दिनार जमा. खर्चात हॉटेलातली परिषद, टोप्या, फलक, पाहुण्यांचं जेवण. वकिलापुढे शून्य.

मी उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या तक्रारीचं काय झालं? लम्जद म्हणाला, विचार चालू आहे. गेल्या वर्षीही तो चालूच होता. मग मी दुसरं विचारलं. आपली माळ कोण घेतं?

अम्म हमूदा मागच्या बाकावर होते. त्यांनी मान खाली घातली.

"लेल्ला मब्रूका, हे विचारायचं नसतं," ते म्हणाले.

"अम्म हमूदा, भर बाजारात खुर्चीवर चढून तुम्ही माळ विकता. आता कसलं गुपित? सांगा."

म्हाताऱ्याने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "नौफल घेतो," ते म्हणाले.

नौफल म्हणजे बलहसनचा मुकादम. त्याच्या ट्रॉलरांवर माणसं भरणारा. माझं कुंपण मोडणाऱ्याच्या पैशातून हे टोप्या शिवत होते.

लम्जदच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. पैशावर काही कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, तो माणूस मासे घेतो, रोख देतो, बदल्यात काही मागत नाही, असं त्याने समजावणीच्या सुरात सांगितलं.

"मागत नाही ना? मग उद्या त्याच्यावर केस टाका."

"आणि परवा माळ कोण घेईल? तुम्ही?" लम्जद हसला. "पहिल्या माळेच्या भावावरच बाजाराची बोली चढते, हे विसरलात? तुमची बोयसुद्धा त्याच भावाच्या जोरावर विकली गेली. तेव्हा नाही विचारलंत."

"तेव्हा ठाऊक नव्हतं."

"इथे सगळ्यांना होतं," कुणीतरी पुटपुटलं.

मला वाटलं होतं, आता माणसं उठतील आणि याला खुर्चीवरून खाली ओढतील. कसलं काय! सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. लम्जदने जमाखर्च मंजुरीला टाकला आणि हात वर गेले. रमधानचाही गेला. माझा सख्खा चुलतभाऊ, दरवर्षी माझ्या जोडीने झावळ्या रोवणारा. मला इतका संताप आला की त्याचा हात धरून खाली ओढावा असं वाटलं.

बाहेर मी अम्म हमूदांना गाठलं. म्हटलं, मी एकटी केस करते, तुम्ही फक्त कोर्टात एवढं नाव सांगा.

"नाही जमायचं, पोरी," ते म्हणाले. "इथे सांगितलं, कारण इथे सगळ्यांना माहीत होतं. कोर्टात माहीत नसलेली माणसं बसतात."

मग वकिलाची सोय मलाच करायची होती. पुढच्या गुरुवारी मासळी संपल्यावर मी माझी होडी लिलावाला लावली. गंमत बघायला सगळा बाजार थांबला. अम्म हमूदांनी बोली पुकारली. दोघा-तिघांनी चाचपडत भाव लावले. मग खांबाला टेकून उभ्या असलेल्या नौफलने हनुवटी उचलली आणि भाव एकदम दुप्पट झाला. अम्म हमूदा माझ्याकडे बघायला लागले. सी लम्जदही बघत होता, आणि खूश होता. आता हिचंही तोंड बंद होणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

"याची बोली धरू नका," मी म्हटलं.

"लेल्ला, दुप्पट देतोय तो," अम्म हमूदा हळूच म्हणाले.

"ऐकलं मी. त्याच्या आधीची धरा."

बाई वेडी झाली, असं मागे कुणीतरी म्हणालं. तो रमधान असावा. होडी निम्म्या भावात अजीम बंदरातल्या एका कोळ्याला गेली. माझं कुंपण उद्या पुन्हा उभं राहिलं तरी तिथवर जायला आता माझ्याकडे काही नाही, हे मला कळत होतं. रडू आलं, पण त्या लोकांसमोर मी ते गिळलं.

वकीलबाईंनी पैसे घेतले आणि तक्रार लिहायला बसल्या. कुणाविरुद्ध, असं त्यांनी विचारलं. हाज बलहसन, मी सांगितलं. त्यांनी नाव लिहून पेन खाली ठेवलं.

"थांबा," मी म्हटलं, "खाली समुद्र बचाव मंडळही घाला."