तेवीस दिवसांचं कमाल तापमान

“काका, या एका उन्हाळ्यात आमचं मॉडेल तुमच्या वहीशी अगदी तंतोतंत जुळतंय,” संशोधक मुलगी म्हणाली आणि तिने लॅपटॉप घड्याळकाकांकडे वळवला.

हवामान केंद्राच्या त्या दोन खोल्यांत सगळे त्यांना घड्याळकाकाच म्हणत. एकतीस वर्षं ठरल्या वेळेला आवारातल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीपाशी जायचं, तापमापक वाचायचा आणि आकडा वहीत उतरवायचा. वेळ इतकी पक्की, की समोरचा शिंपी त्यांना पाहून दुकान उघडी. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. एकही दिवस न चुकवता नोंद ठेवली म्हणून मुख्य कार्यालय त्यांचा सत्कार करणार होतं. पत्रिकाही छापून झाल्या होत्या.

“जुळतंय म्हणजे नेमकं काय?” त्यांनी विचारलं.

“मॉडेल म्हणजे संगणकाने गणित करून काढलेलं हवामान. खरं किती होतं, ते तुमच्या वहीत. दोन्ही शेजारी ठेवलं की मॉडेल कुठे चुकतं ते कळतं. इथे ते दर उन्हाळ्यात तीन अंश कमी दाखवतं. फक्त चौदा वर्षांपूर्वीच्या या उन्हाळ्यात, ऐन कडक उन्हाच्या महिन्यात, फरक जवळजवळ नाहीच. त्या साली मॉडेलला काय साधलं ते सापडलं, तर बाकीची वर्षं सुधारता येतील. सहा महिने मी याच्याच मागे आहे. ढग पाहिले, वारा पाहिला, जमिनीतली ओल पाहिली. हाती काही लागत नाही.”

काकांनी पडद्यावरचं साल पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. साल तेच होतं.

“जेवून घ्या तुम्ही,” ते म्हणाले. “मग बोलू.”

ती डबा घेऊन आतल्या खोलीत गेली, तेव्हा त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब मुख्य कार्यालयात बसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“कशाला उकरून काढता?” ते म्हणाले. “कुणाला पत्ता लागणार आहे? ती पोरगी चार दिवसांनी जाईल निघून. तुमचे दोनच महिने राहिलेत.”

“ती नसलेलं कारण शोधतेय, साहेब.”

“तिचं ती बघेल. पण लेखी दिलंत, तर माझा नाइलाज होईल. सत्कार तर विसराच, चौकशीही लागेल.”

“लागू द्या,” काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मुलगी हात पुसत बाहेर आली, तेव्हा त्या सालची वही टेबलावर उघडी होती.

“यातले तेवीस आकडे खोटे आहेत,” काका म्हणाले. “मी मनाने लिहिलेत.”

ती उभीच राहिली.

काकांना आईची आठवण नव्हती. थोरल्या बहिणीनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. त्यांच्यापायी तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. त्या उन्हाळ्यात तिने अंथरूण धरलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. तिच्याजवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं. काकांनी रजा मागितली, तर बदली माणूस नाही असं उत्तर आलं. मग त्यांनी केंद्राला कुलूप घातलं, वही बगलेत मारली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली ताईच्या उशाशी जाऊन बसले.

“रोज दुपारी विचारायची, ‘आज किती आहे रे?’ भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. मी म्हणायचो, एकोणचाळीस. कधी चाळीस. ती म्हणायची, ‘एवढंच? मग मलाच मेलीला उगाच होतंय.’ आणि जरा शांत पडायची. संध्याकाळी कार्यालयाला आकडा कळवावा लागे. तिला सांगितलेलाच कळवायचो, तोच वहीत लिहायचो.”

“आणि खरं किती होतं?”

“कमाल तापमानाचा तो तापमापक झटकेपर्यंत पारा वरच धरून ठेवतो. चोविसाव्या दिवशी केंद्रावर आलो, तर चव्वेचाळीसवर होता. तेवीस दिवसांतला सगळ्यात तापलेला दिवस. कुठला, ते मला माहीत नाही.”

मुलगी खुर्चीत बसली. “सहा महिने, काका,” ती हळूच म्हणाली.

“हो.”

समोर शिंप्याचं मशीन चालू होतं. तिने पडद्यावरचे ते तेवीस दिवस वगळले आणि पुन्हा हिशोब मांडला.

“म्हणजे मॉडेल त्या सालीही चुकलंच असणार,” ती म्हणाली. “इतर वर्षांसारखंच.”

“मग वाईट झालं.”

“नाही. दर वेळी तेवढंच चुकणारं सुधारता येतं.” तिने वही जवळ ओढली. “तुम्ही तिथेच होतात. रोज साधारण किती असेल, सांगू शकाल? अंदाजाने?”

“अंदाजाने एकदा लिहून झालंय,” काका म्हणाले.

त्यांनी लाल पेन घेतलं, पट्टी लावली आणि एकेका आकड्यावर रेघ ओढायला सुरुवात केली. प्रत्येक रेघेपुढे ‘नोंद घेतली नाही’ असं लिहायचं, खाली सही, आजची तारीख. अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं. मुलगी एकेक तारीख वाचत गेली, ते मान हलवत गेले.

शेवटच्या आकड्यापाशी ती थांबली. “हा सगळ्यांत कमी आहे. सदतीस.”

“त्या दिवशी तिने विचारलं नव्हतं,” काका म्हणाले. “वाचा गेली होती. मीच कानाशी वाकून सांगितलं.”

त्यांनी पट्टी सरळ केली आणि सदतीसवर रेघ ओढली.