जमादाराची वाटणी

निवृत्ती आणि शालिग्राम या दोघा भावांची वाटणी कशी झाली, असं कुणी विचारलं, तर गावात एकच उत्तर मिळे: सगळं गोडीत झालं, फक्त कोंबडा राहिला.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. गाव धाड या बाजाराच्या गावापासून फार लांब नव्हतं. वावरं वाटली गेली, बैल वाटले गेले, सासूची तांब्याची परात थोरल्या सुनेकडे आली आणि घागर धाकटीकडे गेली. अंगणाच्या मधोमध छातीएवढी मातीची भिंत उभी राहिली. जुनं खुराडं नेमकं भिंतीच्या रेघेत आलं, म्हणून ते पाडून दोन्हीकडे नवी खुराडी बांधली. कोंबड्यासुद्धा निम्म्या निम्म्या झाल्या. पण कोंबडा एकच, आणि तो जमादार.

जमादार हे त्याचं नाव. तांबडा, उंच, मान ताठ. अंगणातून असा चाले, जणू वरून कुणीतरी त्याला पाहणीला पाठवलंय. थोरल्या झुंबरबाईचा तो जीव होता. त्याच्या आईला मांजरीने नेलं तेव्हा तो मुठीएवढा होता, आणि झुंबरबाईने त्याला चुलीजवळ टोपलीखाली, लुगड्याच्या जुन्या फडक्यात वाढवला होता. धाकटी शालूबाई म्हणे, वाढवला असेल, पण अंडं कुणाच्या कोंबडीचं? माझ्या माहेरच्या, देऊळगाव राजाहून आणलेल्या. दोघींचंही खरं होतं, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, पण त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. झुंबरबाईच्या दोन कोंबड्या खुडूक होऊन अंड्यांवर बसायला आल्या होत्या. गावात दुसरे कोंबडे नव्हते असं नाही, पण मांजर दिसलं की ते कोंबड्यांच्याही आधी पळत. त्यांची पिल्लं काय निपजणार? तिला जमादारच हवा होता.

वाटणीला पंच म्हणून पोलीस पाटील भगवंतराव बसले होते. त्यांनी सुचवून पाहिलं, की कोंबडा कापा, दोन्ही घरी रस्सा करा आणि मला भिंतीजवळ पाट मांडा. दोघी जावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी उरलेलं हसू मिशीतच ठेवलं आणि निवाडा दिला. धाडच्या पुढल्या बाजाराच्या दिवशी, दिवस मावळताना जमादार आपल्या पायाने ज्या खुराड्यात जाईल, त्या घरचा तो. हाताने धरायचं नाही, हाकलायचं नाही. खाऊ घालायला मात्र कुणाची मनाई नाही.

त्याच दुपारी झुंबरबाईने गोठ्यातलं जुनं मडकं काढलं.

तिची आई कोंबड्यांना दाणा आंबवून घालायची, ते तिने लहानपणी पाहिलं होतं. तिने ज्वारी भरडली, त्यात डाळ भरडताना उरलेली मूठभर तुरीची चुनी टाकली, वाटीभर ताक घातलं आणि दाण्यावर चार बोटं पाणी येईल इतकं पाणी ओतलं. तोंडाला फडकं बांधून मडकं म्हशीच्या गव्हाणीखाली सावलीत ठेवलं. रोज सकाळ-संध्याकाळ लाकडी पळीने ढवळायचं, दाणा पाण्याखालीच राहू द्यायचा. दोन दिवसांत वर बुडबुडे आले आणि ताकासारखा आंबूस वास सुटला. मग तिने पाणी निथळून दाणा परातीत मांडला. तळाचं थोडं पाणी मडक्यातच ठेवलं, पुढच्या दाण्याला विरजण म्हणून.

कोंबड्यांनी आधी माना वाकड्या करून पाहिलं. जमादार पुढे आला, एक दाणा उचलला, टाकला, परत उचलला. मग त्याने टुक टुक करून सगळ्या बायकांना बोलावलं आणि स्वतःच आधी खाऊ लागला. दुसऱ्या दिवसापासून परातीचा आवाज झाला, की तो भिंतीवरून उडी टाकून हजर. पलीकडे शालूबाई गहू टाकी, शेंगदाणे टाकी, एकदा तर तिने नवऱ्याच्या ताटातली भाकरी चुरून टाकली. जमादार तेही खाई, आणि मिशा पुसत यावं तसा इकडे येई.

शालूबाई विरजण मागायच्या निमित्ताने आली. विरजण हातात पडलं तरी तिचा पाय निघेना. तिचं नाक गव्हाणीकडे वळलं होतं.

"जाऊबाई, हे काय आंबवून राह्यल्या तुमी?"

"म्हशीचं आंबोन हाय वं. काऊन, तुले पाह्यजे?"

"मले काय करायचं? मी काय म्हैस हावो?"

"मंग सुंगून काऊन राह्यली?"

शालूबाई गेली, पण वास घेऊन गेली. डोक्याने ती चलाख होती. एकच खोड, की कुणी मीठ घातलं तर ती दोन मुठी घाले. थोरलीने ज्वारी आंबवली ना, मग आपण वर गूळ घालू. थोरलीने फडकं बांधलं ना, मग आपण ताटली ठेवून शेणमातीने लिंपू. थोरलीने सावलीत ठेवलं ना, आपण उन्हात ठेवू, लवकर होईल. तिने मडकं उकिरड्याच्या कडेला भर उन्हात पुरलं आणि बाजाराच्या दिवसापर्यंत उघडून पाहिलं नाही.

त्या दिवशी झुंबरबाई धाडला मिरच्या विकायला गेली होती. जमादार दुपारभर मोकळाच होता. ती परतली तेव्हा ओट्यावर पंच बसले होते, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी माणसं जमली होती आणि कोंबडा काही दिसत नव्हता.

थोड्या वेळाने तो शालूबाईच्या उकिरड्यामागून निघाला.

नेहमीची पाहणी होती, पण जमीन आज त्याला नीट सापडत नव्हती. पाय उचले, कुठे ठेवावा याचा विचार करी आणि भलतीकडेच ठेवी. भिंतीजवळ येऊन त्याने उडी मारली, ती भिंतीला जाऊन लागली. दुसऱ्या उडीला तो वर पोचला. तिथे त्याने आरवायला मान ताणली, आवाज निम्म्यात विसरला आणि तिथेच बसकण मारली. डोकं झुंबरबाईच्या अंगणात लोंबलं, शेपटी शालूबाईच्या.

माणसं हसू लागली. भगवंतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी नाक वर करून वास घेतला. मग भिंतीपलीकडे मान काढून परत घेतला.

"शालूबाई, हा वास कायचा हाय?"

शालूबाईचा चेहरा कल्हईच्या परातीसारखा पांढरा पडला. दारूबंदीचे दिवस होते. गूळ घालून आंबवलेलं मडकं उकिरड्यात पुरलेलं सापडलं, तर पोलीस पाटलाला धाडच्या ठाण्यात कळवणं भाग होतं, आणि ते कोंबड्यासाठी होतं हे ठाण्यात कोण ऐकणार?

झुंबरबाईला पहिल्याच वासाला सगळं कळलं होतं. एक शब्द बोलायचा अवकाश: हिने कोंबड्याला पाजलंय. डाव खोटा ठरला असता, जमादार तिचा झाला असता. धाकटी जाऊ मांडीवर मडकं घेऊन एसटीतून ठाण्यात चाललीय, कंडक्टर मडक्याचं तिकीट मागतोय, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि क्षणभर तिला फार बरं वाटलं. मग तिने शालूबाईकडे पाहिलं. शालूबाई तिच्याकडेच पाहत होती.

"पाटील, तिकडं काय सुंगता?" झुंबरबाई म्हणाली. "वास माह्या घरचा हाय. थांबा, दाखोतो."

तिने गव्हाणीखालचं मडकं आणलं आणि थेट पाटलांच्या मिशीखाली धरलं. कोंबड्यांसाठी ज्वारी आंबवलीय, म्हणाली, हवं तर बोट बुडवून चाटा. सगळे बघतायत म्हटल्यावर पाटलांना बोट बुडवावंच लागलं. त्यांनी चाटलं, तोंड वाकडं केलं आणि ताक आहे म्हणून सांगितलं. एवढ्यात पलीकडून काहीतरी भळाभळा ओतल्याचा आवाज आला. कुणी तिकडे वळायच्या आत झुंबरबाईने पाटलांना आणखी एकदा चाटायचा आग्रह केला.

"आन कोंबडा?" पाटलांनी विचारलं. "त्याले काय झालं?"

"त्याले ऊन लागलं."

"ऊन लागलेलं कोंबडं गानं म्हनते?"

जमादार झोपेत घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत होता खरा. झुंबरबाई म्हणाली, की आपला कोंबडा आहे, त्याच्या मनाला येईल ते करील. भगवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं, पलीकडे पदर सावरत येणाऱ्या शालूबाईकडे पाहिलं. त्यांना नाकही होतं आणि अक्कलही. त्यांनी निवाडा दिला, की कोंबडा आपल्या पायाने भिंतीवर बसला, भिंत दोन्ही घरांची, तेव्हा कोंबडाही दोन्ही घरांचा. आणि जाता जाता, कुणाकडेही न बघता म्हणाले, की उकिरड्यावर आज रात्री चांगलं जाड शेण टाका, पोरीहो.

दुसऱ्या दिवशी शालूबाई भिंतीपाशी आली. भिंतीवर ताजं लोणी ठेवलं आणि खाली बघत म्हणाली, "जाऊबाई, मलेबी शिकवा ना. खरं खरं."

झुंबरबाईने तिला शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. गूळ घालायचा नाही. तोंड लिंपायचं नाही, फडकंच बांधायचं. पाणी दाण्यावर राहिलं पाहिजे, उघडा पडलेला दाणा बुरसतो. बुरशी दिसली किंवा डोक्यात जाईल असा वास आला, तर सगळं फेकून द्यायचं, कोंबड्याला दाखवायचंसुद्धा नाही. दोनदा ढवळायचं. आपल्या मडक्यातलं वाटीभर आंबट पाणीही तिने विरजण म्हणून दिलं.

"घालायचं कवा?" शालूबाईने विचारलं.

"सकाळी. उपाशी पोटी लई गोड लागते त्याईले."

शालूबाई वाटी सांभाळत खुशीत गेली. झुंबरबाईने आपल्या मडक्यावर फडकं बांधून ते परत गव्हाणीखाली सरकवलं. आपला दाणा ती दिवस कलल्यावर काढणार होती. दिवसभर कुठेही चरला, तरी कोंबड्याचं पोट शेवटी जिथे भरतं तिथेच तो रात्री बसतो, हे शालूला सांगायला तिची काहीच हरकत नव्हती. पण शालूने ते विचारलंच नव्हतं.