वाळूने घासलेला ड्रम

मित्रांनो, माझ्या पोटात हे ओरखडे दिसतात ना, ते पडले त्या दिवशी मी आयुष्यात सर्वांत जास्त चकाकत होतो. आणि त्याच दिवशी मी वाया गेलो. हे असे कसे झाले, ते मला अजूनही नीटसे उमगलेले नाही.

मी आफ्रिकेतल्या लेसोथो देशाच्या डोंगरातल्या एका घरचा, ज्वारीची बिअर आंबवायचा प्लास्टिकचा ड्रम. माझी मालकीण मालेसेडी मला कधी घासतच नसे. मऊ फडके फिरवायची, कढत पाणी ओतून गदागदा हलवायची आणि उन्हात उपडा ठेवायची. मला वाटे, केवढा हा आळस! लोखंडी पातेली बघा, वाळूने घासून कशी लख्ख होतात! पण माझ्यातली बिअर तयार झाली, की दारातल्या काठीवर पांढरे फडके चढे आणि माणसे डोंगर उतरून येत. "मालेसेडीचा हात म्हणजे हात!" असे म्हणत. माझे नाव कोणी घेत नसे, ते असो.

मग तिचा नवरा वारला. वर्षभर ती काळ्या कपड्यांत राहिली. ते उतरवायचा दिवस ठरला, तेव्हा नव्या सुनेला, पुलेंगला, ती म्हणाली, "या वेळची बिअर तूच कर. बघू दे गावाला माझी सून." आणि आमंत्रणे द्यायला बहिणीच्या गावी गेली.

पुलेंगच्या माहेरी भांड्यांच्या चकाकीवरून सून जोखतात. तिने मला ओढ्यावर नेले आणि वाळूने खसाखसा घासले. मी तर हरखून गेलो! "एवढं लख्ख भांडं, आता कढत पाणी कशाला?" असे पुटपुटत तिने मला ओढ्यातच विसळले आणि माझ्यात बिअर आंबवायला घातली.

समारंभाच्या आदल्या दिवशी सासू परतली. रिवाजाप्रमाणे पहिला घोट तिने घेतला आणि तिचे तोंडच वाकडे झाले. बिअरचा निव्वळ आंबट शिरका झाला होता.

"पुलेंग, ड्रम कशाने घासलास?"

"वाळूने, आई. नुसता आरसा केला होता!"

"अगं बाई! ओरखड्यांत घाण दडून बसते. आणि कढत पाणी?"

पुलेंग रडायलाच लागली. "उद्या पाहुणे येणार... तुमचे काळे कपडे... सगळं माझ्यामुळे!"

"रडू नकोस. शेजारणीचा ड्रम आण, पुन्हा करू. पाहुण्यांना मी सांगते."

"पण बाबांचा दिवस?"

"ते दूर खाणीत कामाला होते, तेव्हा मी वर्षानुवर्षं त्यांची वाट पाहिली. आता चार दिवस ते माझी पाहतील. बिघडलं कुठं?" असे म्हणून ती काळी शाल सावरत चक्क हसली. असल्या वेळी हसू येते? मी चक्रावूनच गेलो.

चार दिवसांनी काठीवर फडके चढले, पण ते शेजारणीच्या ड्रमसाठी. तो पुलेंगने आधी मऊ फडक्याने पुसला होता, कढत पाण्याने धुतला होता. माझ्यात आता कोंबड्यांचे दाणे असतात. दाणे काढताना पुलेंग माझ्या ओरखड्यांवरून हळूच बोट फिरवते. आता कशाला, तेही मला कळत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना मऊ हाताने धुवा, आणि कढत पाणी विसरू नका. चकाकीला भुलू नका. मी भुललो होतो.