भिंतीकडे तोंड

“काका, फक्त एवढंच म्हणा, ‘असं विमान मी पाह्यलं हाय.’ बाकीचं मी जोडून घेतो,” जानरावांच्या नाकासमोर मोबाइल धरून अविनाश म्हणाला.

मंगळवारी दिवेलागणीला मोताळ्यावरून तीन उजेड ओळीने गेले. आवाज नाही, धूर नाही. बुधवारी सकाळपर्यंत गावात चाळीसेक विमानतज्ज्ञ तयार झाले. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या अविनाशच्या मते ते लष्कराचं गुप्त विमान होतं. निवृत्त मुख्याध्यापक महादेवरावांच्या मते परग्रहवासी. एवढं विश्व सोडून ते मोताळ्याला कशाला आले, हे विचारायची सोय नव्हती; गावाच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

जानराव मात्र खरोखरच हवाईदलात होते. एकवीस वर्षं त्यांनी विमानं ठेवायच्या हँगरचे दरवाजे ढकलले होते. म्हणून चहाच्या हॉटेलातली हातांची एकमेव खुर्ची आज त्यांना मिळाली होती, आणि रविवारी शाळेत सत्कारही ठरला होता.

“तिथं गुप्त विमान होतं का नाई?”

“होतं एक.”

चहावाल्याने गाळणी हवेतच धरली.

“कसं होतं? तिकोनी?”

“मले नाई मालूम.”

“म्हंजे?”

“ते भाईर काढाच्या वक्ती शिटी वाजे. दरवाजा ढकलला का आमी भिंतीकडं तोंड करून उभं राहाचं. दुसरी शिटी होयेपर्यंत.”

“एकदाई वळून नाई पाह्यलं?”

“नाई.”

“काऊन?”

“हुकूम होता.”

हॉटेल हसलं. “एकवीस वर्षं इमानापाशी राहून भिंत पाहून आला गडी,” महादेवराव म्हणाले. मंगळवारी ते स्वतः घरात मालिका पाहत होते. उजेड सुनेने पाहिले होते. पण साक्षीला एवढं जवळचं नातं पुरतं.

“अजून येळ हाय, काका. ‘पाह्यलं’ म्हणा. कोण तपासाले येऊन राह्यलं?”

“नाई पाह्यलं तं नाई पाह्यलं, बाप्पा.”

अविनाशने मोबाइल महादेवरावांकडे वळवला. खुर्चीही तिकडे गेली. रविवारी शाळेत महादेवरावांना शाल मिळाली आणि ‘परग्रहवासी : एका प्रत्यक्षदर्शीचे अनुभव’ या विषयावर ते दीड तास बोलले. विज्ञानाच्या सरांनी आभार मानले.

त्या वेळी जानराव ओसरीवर बसले होते. सत्कारासाठी इस्त्री करून आणलेली ठेवणीतली साडी त्यांच्या बायकोने, अन्नपूर्णाबाईंनी, पेटीत ठेवली आणि त्या बाहेर आल्या.

“मलेई कधी नाई सांगतलं तुमी.”

“सांगासारखं काय होतं त्याच्यात?”

त्या शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, “कशी होती भिंत?”

जानरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“पिवळी. खाली हातभर डांबर मारेल. डाव्या अंगानं एक भेग होती.” त्यांनी बोटाने हवेत रेघ ओढली. “मी लागलो तवा बोटभर होती. निघालो तवा छताले टेकली होती.”