व्यासपीठावर एक तरी बाई हवी

परिषद तोंडावर आली, तरी संघटित कामगारांवरच्या परिसंवादाला एकही कामगार बाई मिळेना. धुलाई कारखान्यातल्या बायकांचे उंबरठे झिजवून परिषद भरवणाऱ्या प्राध्यापकबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. जी ती म्हणे, "बोलू की! पण सभा सुटेस्तोवर घरी स्वयंपाक कोण करणार? तुम्ही येता?" आणि सगळ्या फिदीफिदी हसत.

शेवटी बाई कामगार संघटनेच्या सरचिटणिसांच्या घरी येऊन टेकल्या. ते कामाच्या तासांवरचं भाषण घोटत बसले होते. चहा घेऊन आली ती त्यांची विधवा वहिनी. हात कोपरापर्यंत साबणाने पांढरे, मागच्या अंगणात धुण्याचा ढीग. तिचा नवरा त्याच कारखान्यात वाफेने भाजून गेला होता.

"अहो, यांनाच बोलवू या की!" बाईंना हायसं वाटलं.

"वहिनी?" सरचिटणीस हसले. "ती घरचीच आहे हो. तिला कुठे बोलता येतंय?" मग मान हलवून म्हणाले, "पण शोभेल खरी. दोन वाक्यं पाठ करून घेतो."

निघताना बाई मोरीपाशी थांबल्या. वहिनीला बिलगून तिची पोर उभी होती. "पाठ केलेलं नको. मनातलं बोला."

"नक्की ना, बाई? पदरात पोर आहे माझ्या."

"घाबरू नका. मी आहे ना."

परिसंवादाच्या अध्यक्ष बाईच होत्या. वेळेची घंटा त्यांच्याच हाताशी होती. वहिनीने पाठ केलेली दोन वाक्यं म्हटली, टाळ्या पडल्या. मग ती म्हणाली, "मेलेल्या कामगाराची जागा त्याच्या बायकोला, हा नियम संघटनेनं भांडून मिळवला. माझ्या नवऱ्याच्या जागेवर आज भाऊजींचा मेहुणा उभा आहे. आणि मी त्यांच्या घरी धुणी धुते, फुकट. मला माझी जागा द्या."

सरचिटणीस चिडले नाहीत. बाईंच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाले, "घरगुती बाब आहे. परिषद तुमची आहे, बघा."

बाईंनी घंटा वाजवली.

वहिनीने वळून पाहिलं. वेळ संपला नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं.

ती घरी पोचली तेव्हा तिची ट्रंक पायरीवर काढून ठेवलेली होती. "वहिनी, तुम्ही आता बोलणाऱ्या झालात," सरचिटणीस आदबीने म्हणाले, "कुठेही पोट भराल. पोर मात्र आमच्या घराण्याची." खिडकीच्या गजाला धरून पोर किंचाळत होती. आतून जावेचा आवाज आला, "पुरे झालं रडणं. चादरी भिजत पडल्यात." परिषदेचे बिल्ले लावलेली माणसं रस्त्याने खाली मान घालून गेली.

बाईंना कळलं तेव्हा त्या फार हळहळल्या. चार जणांत बोलूनही दाखवलं.

पुढच्या वर्षी पुन्हा वक्ते शोधणं आलं. पुन्हा तीच खुर्ची, पुन्हा चहा. या वेळी कप पोरीच्या हातात होता. बोटं साबणाने सोललेली.

"शाळेत जातेस ना ग?" बाईंनी विचारलं.

"घरचीच आहे," सरचिटणीस म्हणाले.

पोर कप ठेवून मागे सरली, तेव्हा बाई सवयीने म्हणाल्या, "घाबरू नकोस. मी आहे ना."

पोरीने त्यांच्या घंटा वाजवलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "आईलाही तुम्ही असंच म्हणाला होतात," ती म्हणाली आणि मोरीकडे गेली.

चहा चांगला झाला होता. बाईंनी तो संपवला.